दोन बरण्यांतला चपडा

अमरावती,
८ डिसेंबर

प्रिय तहरीम,

मागच्या रविवारी फोनवर तू मला एकच प्रश्न विचारलास आणि मी उत्तर टाळलं. अब्बूंचं काम अजून काम म्हणण्यासारखं राहिलंय का, तेवढं खरं सांग, म्हणालीस. नसेल तर जानेवारीत अकोल्याच्या घराला कुलूप लावून त्यांना पुण्याला घेऊन येते, मग ते रुसोत की भांडोत. मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलीस. ‘लिहून? पणू, तू काय पंचायत समिती आहेस का?’ मीही हसले आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यापाशी उभी होते. तुझे अब्बू, माझे रऊफचाचा, खालच्या खोलीत खोकत होते आणि मला वाटत होतं, त्यांना सगळं ऐकू गेलंय.

तर हे ते लिहून कळवणं. लांबेल. तू दुपारी शाळेतून आल्यावर, चहा घेऊन, दानिश घरी यायच्या आत वाच. हो किंवा नाही एवढंच लिहायचं असतं तर फोनवरच सांगितलं असतं.

वरचा मजला बांधायला काढला तेव्हाच मी ठरवलं होतं की दारं-खिडक्यांच्या चौकटी सागवानी असतील आणि त्यांना पॉलिश रऊफचाचांचंच असेल. हे ठरवताना मी काही फार विचार केला नव्हता. आमच्या बाबांनी रंधा मारायचा आणि तुझ्या अब्बूंनी पॉलिश करायचं, हेच बघत आपण दोघी वाढलो. अकोल्यात कुणाच्या घरी नवी चौकट बसली की लोक ‘वामनराव-रऊफची जोडी’ म्हणायचे, जसं काही ते एकाच माणसाचं नाव असावं. बाबा गेल्यावर चाचा एकटेच उरले. खरं तर त्यांना बोलावण्यात माझा स्वार्थ होता. बाबांच्या माणसाचा हात माझ्या घराला लागावा, इतकंच.

आमचे सुतार खुशालराव यांना हे पटलं नाही. ‘मॅडम, चपडा आता कोन करते? ते नवं पीयू पॉलिश मारा, दोन दिवसांत मोकळे. वरून गिलास सांडला तरी डाग नाई.’ चाचा तेव्हा नुकतेच आले होते, जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढत होते. मान वर न करता म्हणाले, ‘आन वीस वर्सांनी उखडलं तर? तुमचं ते पलास्टिक हाये, बापा. चपड्याचा दरवाजा मैला झाला तर स्पिरिटनं पुसून पुन्ना नवा करता येते.’ खुशालराव म्हणाले, ‘चाचा, वीस वर्सांनी आपन दोघंबी नाई राहणार.’ चाचा म्हणाले, ‘दरवाजा राहते ना.’ त्या दिवसापासून दोघांचं जे जमलं ते जमलंच. दिवसभर एकमेकांना टोमणे मारतात आणि चार वाजता एकाच ताटलीतले मुरमुरे खातात.

तुला हे सगळं पाठ असेल, मला मात्र सगळं नवीन होतं. आपल्या लहानपणी मला एवढंच कळायचं की तुझ्या ओढणीला नेहमी स्पिरिटचा वास येतो. शाळेत पोरी नाक मुरडायच्या आणि मला तो वास आवडायचा. चपडा म्हणजे झाडावरच्या लाखेचे पातळ, कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवले की पॉलिश होतं, इतकंही मला या नोव्हेंबरपर्यंत धड माहीत नव्हतं.

चपडा आणायला मला त्यांनी मुद्दाम अकोल्याला बोलावून घेतलं. मी म्हटलं, चाचा, इथे राजापेठेत मिळेल की. म्हणाले, मिळते, पण कोणत्या सालचा मिळते ते त्या दुकानदारालेबी माहीत नसते. मग मी शनिवारी बडनेऱ्याहून गाडी धरून गेले आणि आम्ही दोघं मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या त्यांच्या ठरलेल्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी एक पिशवी काढली. चाचांनी हात घातला आणि परत केली. उन्हाळ्यात अकोल्याच्या गर्मीने आतले पापुद्रे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली होती. ‘याले उन्हाया लागला. हे विरघयत नाई, नुसतं जेलीसारखं फुगून बसते. मंग दोन महिने झाले तरी दरवाजाले बोट चिकटते.’ दुसरी पिशवी आली. त्यातला एक पापुद्रा त्यांनी माझ्या कानाजवळ धरून मोडला. कट् असा आवाज आला. ‘हे पाय बेटा, चपडा पहिले कानानं घ्यायचा, मंग डोयानं.’ दुकानदार वैतागून म्हणाला, ‘चाचा, पोरगी पाहाले गेल्यावरबी कोनी एवढं पायत नाई.’ चाचा म्हणाले, ‘पोरगी बोलते तरी. हे मुकं हाये.’

त्यांनी दोन प्रकार घेतले. कुसुमाच्या झाडावरची लाख फिकट असते, ती दारं-खिडक्यांच्या चौकटींना आणि भिंतीच्या कडेच्या पट्ट्यांना. पळसावरची लालसर, ती जिन्याच्या कठड्याला, कारण तिथे रोज हात लागणार, मळ दिसणार. दोन्ही पुड्या त्यांनी माझ्याकडे दिल्या आणि विचारलं, ‘सांग बरं, फिकी कोन्ती?’ मी दाखवली. ‘शाब्बास,’ म्हणाले. मला इतका आनंद झाला, तहरीम. पंचेचाळिसाव्या वर्षी कुणी शाब्बास म्हणत नाही गं.

मग आठवडाभर माझं स्वयंपाकघर त्यांचा कारखाना झालं. स्पिरिट आणलं तर आधी त्याची परीक्षा. लोखंडी पळीत चमचाभर ओतलं, काडी लावली. पाणी मिसळलेलं असेल तर जळून झाल्यावर पळीत पाणी उरतं, म्हणाले. ‘ज्योत कशी हाये?’ मी म्हटलं, निळी. ‘पूर्न निळी?’ हो. ‘आन पयीत काही राहिलं?’ नाही. लगेच समाधानाने मान हलवली. पॉलिश लोखंडी डब्यात ठेवायचं नाही, काळं पडतं, म्हणून माझ्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या गेल्या. माझ्याच वजनकाट्यावर चपडा मोजला. पहिल्या हातासाठी पातळ हवं, पाव किलोला दोन लिटर. पुढच्या हातांना थोडं घट्ट. लाकूड पहिल्यांदा पितं, दुसऱ्यांदा चाखतं, असं ते म्हणाले. दर तासाला लाकडी काडीने मी ढवळायचं आणि ते विचारायचे, रंग कसा आला? मी म्हणायची, चहासारखा. ‘कोन्ता चहा? दुधाचा का कोरा?’ कोरा, फिका. ‘बस. आता थांबू दे. गाळ खाली बसते.’ दोन दिवसांनी वरचं निवळ काढून त्यांनी एका जुन्या मलमलीतून गाळलं. ती मलमल ते अकोल्याहून घडी करून घेऊन आले होते. मी ओळखली. तुझ्या अम्मीची, कुलसुमचाचींची, जांभळ्या काठांची ओढणी होती. काठ आता दिसत नाहीत, पण टाके आहेत.

शेवटी काचेच्या तुकड्यावर एक थेंब. संध्याकाळी त्याच्यावर नख दाबून बघायचं. नखाचा ठसा उमटला तर पॉलिश जुनं, उमटला नाही तर लाकडाला लावायला हरकत नाही. ‘तू दाब,’ म्हणाले. मी दाबलं. ठसा नव्हता. मला वाटत होतं, ते मला शिकवतायत. रोज रात्री जेवताना मी शेखरला सांगायची, आज चाचांनी मला हे शिकवलं, आज ते शिकवलं. शेखर म्हणायचा, आता नोकरी सोड आणि पॉलिशला जा.

आणि त्यांचं काम! अगं, काम बघताना माझं कॉलेजला जायचं मन होत नसे. कापसाचा गोळा सुती फडक्यात गुंडाळून त्याची गद्दी करतात, ती पॉलिशमध्ये बुडवून पिळतात आणि लाकडावरून असा हात फिरतो की जणू झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून. कुठे थांबायचं नाही, कुठे परत फिरायचं नाही. थांबला की तिथे डाग. चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे दोन पट्ट्या मिळतात, तिथे ते गद्दीचं टोक करंगळीने चिमटतात. खालच्या मजल्यावर बाबांनी बनवलेलं जुनं कपाट आहे, त्याच्याकडे बघून मला नेहमी वाटायचं की चमक लाकडात असते. आता कळलं.

दारं झाली. मधासारखी. खुशालराव दोनदा आले, एकदा मागून, एकदा पुढून बघून गेले, आणि म्हणाले, ‘पीयूले असं येत नाई, हे मान्य.’ चाचा ऐकून न ऐकल्यासारखं करून बिडी शोधत राहिले. मी त्यांची बिडी लपवून ठेवते, तुला सांगून ठेवते. पण मुरमुऱ्यांच्या डब्यात लपवते, म्हणजे त्यांना सापडते.

आता खरं सांगायचं ते.

गुरुवारी सकाळी मी कॉलेजला निघताना पाहिलं की खिडकीच्या कट्ट्यावर बरण्यांवर थेट ऊन पडतंय. फिकट पॉलिशची डावीकडे, लालसर उजवीकडे, अशा त्या रोज ठेवलेल्या असत. मला वाटलं, ऊन लागून खराब होईल. म्हणून दोन्ही उचलून कपाटाच्या सावलीत ठेवल्या, आणि ठेवताना कुठली कुठे गेली याकडे लक्ष दिलं नाही. बरण्या सारख्याच होत्या. आणि काचेतून रंग तर दिसतोच ना, असं कुणालाही वाटेल.

तीन वाजता परत आले. समोरच्या खोलीतल्या दोन्ही खिडक्यांच्या चौकटी झाल्या होत्या. दारं मधासारखी, आणि खिडक्या कुणी काथाने धुतल्यासारख्या लाल. चाचा मधोमध उभे होते, हात पुसत. दमले होते, पण खूश होते. म्हणाले, ‘पाय बेटा, दरवाजाशी मेळ बसला का नाई?’ खुशालराव मागे उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते टेप उचलून खाली निघून गेले. मी म्हटलं, छान झालंय चाचा.

त्या एका क्षणात मला सगळं उलगडलं. दुकानातलं ‘सांग बरं, फिकी कोन्ती’. निळी ज्योत. कोरा चहा का दुधाचा. काचेवरचा थेंब. ते मला शिकवत नव्हते, तहरीम. माझे डोळे वापरत होते. आणि मी नसताना त्यांनी जागेवरून बरण्या ओळखल्या होत्या. ती जागा मी हलवली होती.

संध्याकाळी ते शुक्रवारच्या नमाजासाठी नेहमीप्रमाणे अकोल्याला गेले. शुक्रवारी मी रजा टाकली. खुशालराव आले, मी काही न सांगता फडकं घेऊन बसले. दोघांनी मिळून स्पिरिटने दोन्ही खिडक्या पुसल्या. फडक्यावर लाल पाणी उतरत होतं. खुशालराव एकदाच म्हणाले, ‘चाचाले सांगाले पायजे मॅडम.’ मी म्हटलं, नाही. मग त्यांच्यासारखी गद्दी करून मी फिकट पॉलिशचा एक हात दिला. जमेल तसा. उभं राहून बघितलं तर दाराशी मेळ बसला होता. मला बरं वाटलं. एखाद्याचं म्हातारपण झाकून ठेवल्याचं ते बरं वाटणं, तुला माहीत असेल.

शनिवारी चाचा आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीपाशी गेले आणि बोटांची पाठ चौकटीवरून फिरवली. एकदा वरून खाली, मग आडवी. मला पाठमोरे असतानाच म्हणाले, ‘गुरुवारी मी तीन हात मारले होते. हा एकच हाये. आन कोपऱ्यात थांबला हाये.’ मग वळून विचारलं, ‘खुशालनं केलं का तू?’ मी म्हटलं, मी. ‘काहून?’

तेव्हा मी सांगितलं. रंग सांगितला, आणि बरण्या मी हलवल्या हेही सांगितलं. चाचा वेताच्या मोड्यावर बसले. मला वाटलं, आता पिशवी उचलून निघतील. ते म्हणाले, ‘बरण्या तू हलवल्या?’ हो. ‘मंग चूक तुयी हाये का मायी?’ मी म्हटलं, माझी. आणि तहरीम, ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. ‘खुशाल! आयकलं का बे! चूक इची हाये!’ खालून खुशालराव ओरडले, ‘मी तर पयलेच म्हन्लं होतं, सांगून टाका म्हनून!’ चाचा डोळे पुसत होते. हसून आलेलं पाणी की दुसरं, ते मी विचारलं नाही.

मग आम्ही त्या खिडक्या पुन्हा केल्या. मी बरणी उजेडात धरायची, रंग सांगायचा. ते हात मारायचे. माझा तो थांबलेला कोपरा त्यांनी दोनदा घासून सारखा केला. कुठेही रंग जड झाला की मी ‘बस’ म्हणायची आणि ते थांबायचे. संध्याकाळपर्यंत त्या घरातल्या सगळ्यात चांगल्या चौकटी झाल्या होत्या. हे तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. त्यांचे हात शाबूत आहेत. एक हात आणि तीन हात यांतला फरक बोटाच्या पाठीला कळतो, असे हात मी दुसरे पाहिले नाहीत. डोळे नाहीत.

चहा पिताना मी विचारलं, चाचा, कधीपासून? पाच वर्षं तरी झाली, म्हणाले. आधी वाटलं, ट्यूबलाइटच पिवळे येतात आता. मग पांढरी टोपी पिवळी दिसायला लागली, ती त्यांनी तीनदा धुतली. मी सोमवारी सकाळीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बराच पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं तपकिरी काचेतून बघावं तसं दिसतं; फिकट आणि गडद यांतला फरक कळणं शक्यच नाही, निळा तर जवळजवळ नाहीच. पण ऑपरेशन सोपं आहे, नजर येईल. मी आनंदाने चाचांकडे बघितलं. ते खुर्चीच्या हातावर बोट फिरवत होते. म्हणाले, विचार करून सांगतो.

रिक्षात बसल्यावर मी भांडले. घाबरता का? चाचींच्या दवाखान्याच्या वेळचं आठवतं का? नाही म्हणाले. मग? राजकमल चौकात रिक्षा अडकली होती, चारी बाजूंनी हॉर्न, आणि त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला कान जवळ न्यावा लागला. म्हणाले, ‘दिसाले लागलं तर पयले काय दिसन? पाच वर्सांत मी जे करून ठेवलं तेच ना. कोनाकोनाच्या घरी काय रंग लावला, अल्लाले माहीत. लोकं बिचारे बोलले नाई. बुढ्याले काय बोलाचं म्हनून.’ आणि मग म्हणाले, ‘तू तरी सांगितलं. तहरीमनं नाई सांगितलं.’

आता हे मी कसं लिहू? पण लिहायलाच बसले आहे.

त्यांना माहीत आहे, तहरीम. तीन वर्षांपूर्वी तुझ्या फ्लॅटची दारं त्यांनी अठरा दिवस राहून केली होती, आणि ते गेल्यावर तू ती खरवडून त्यांना पीयू करून घेतलंस, हे त्यांना पुढच्या ईदला कळलं. तू चहा करत होतीस, ते बैठकीच्या दारापाशी उभे होते आणि सवयीने बोटांची पाठ दारावर गेली. पीयू थंड लागतं, म्हणाले, स्टीलच्या ताटासारखं. त्यांनी तुला विचारलं, दारं कशी हायेत? आणि तू स्वयंपाकघरातून म्हणालीस, ‘तशीच आहेत अब्बू, चमकतायत.’ आठवतं का तुला? त्यांना शब्द न् शब्द आठवतो. गुडघे, अकोल्याची मशीद, शेजारच्या बकऱ्या, पुण्याची थंडी, ही सगळी कारणं त्या दिवसानंतरची आहेत. तुला वाटतं ते अकोला सोडायला हट्टी आहेत. ते त्या दारांसमोर बसायला घाबरतात.

तुला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मी कोण दोष देणारी? माझ्या हातात फडकं होतं, आणि मीही ‘छान झालंय’ म्हटलं होतं. तू तेव्हा नवं घर केलं होतंस, सासरचे यायचे होते, दारं डागाळली होती, आणि बापाला काय सांगणार होतीस? त्यांच्या जागी बाबा असते तर मीही तेच केलं असतं. चाचाही रागावलेले नाहीत. खरवडलं ते बरोबर केलं, म्हणाले. खराब काम ठेवून काय करायचं. फक्त त्या दिवशी खरं सांगितलं असतंस तर डोळे तेव्हाच दाखवले असते, आणि मधली तीन वर्षं कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी चौकटी अशा अंधारात रंगवत फिरलो नसतो, असं म्हणाले.

ऑपरेशन ठरलंय. पुढच्या मंगळवारी, उजवा डोळा, इथेच अमरावतीत. तयार झाले ते एका अटीवर: तहरीमला फोन करायचा नाही. नाहीतर ती धावत येईल, रडेल आणि मला उचलून घेऊन जाईल, म्हणाले. मी कबूल केलं, आणि म्हणून फोन न करता हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय. तू ये. सोमवारी ये, मंगळवारी नको. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, त्यांना अजून नीट दिसत नाही तोवर, त्यांच्याजवळ बस आणि त्या दारांचं तुझ्या तोंडून सांग. अकोला की पुणे ते नंतर ठरवा. तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य आहे. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढली की सुरुवातीला सगळं निळसर, फार उजळ दिसतं, माणूस गोंधळतो. त्या वेळी समोर तू असावीस, आणि तुमच्या दोघांत झाकलेलं काही नसावं, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

तुझीच, आणि तू येईपर्यंत चाचांच्या अर्ध्या वाट्याची लेक,
प्रणाली